एकवीस आणि बावीस

सगळ्यात आधी एक कबुली. ‘खेळावर कोणीच लिहीत नाही, तू लिहून दे’ असं मराठी विभागाच्या संपादकांनी मेसच्या रांगेत सांगितलं, आणि मागून लोक ढकलत असल्यामुळे मी घाईघाईत हो म्हणून बसले. रूमवर आल्यावर आठवलं की आपण कॉन्व्हेंटवाल्या. दहावीनंतर मराठीत सलग दोन पानं लिहिलेली नाहीत. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील तर प्रुफं तपासणाऱ्यांना धरा, मला नको!

दुसरी कबुली म्हणजे हा लेख क्रिकेटवर नाही. फुटबॉलवर आहे, पण मेस्सीच्या फुटबॉलवरही नाही. हेल्मेट, खांद्यावर पॅड, लांबट चेंडू... तो अमेरिकन फुटबॉल. ‘हातानेच खेळतात तर फुटबॉल का म्हणायचं?’ हा प्रश्न आमच्या विंगमध्ये मला इतक्यांदा विचारून झालाय की आता मी उत्तर देणं सोडून दिलंय.

याचं वेड मला लावलं माझ्या मावसभावाने. तो मिनियापोलिसला नोकरी करतो आणि तिथल्या ‘मिनेसोटा व्हायकिंग्ज’ टीमचा भक्त आहे. २०२० साली मी दहावीत होते, शाळा ऑनलाईन, सगळं जग घरात बसलेलं. रविवारी तिकडे दुपारचे बारा वाजले की आपल्याकडे रात्रीचे साडेदहा होतात. दादा व्हिडिओ कॉल करायचा, फोन टीव्हीसमोर टेकवून ठेवायचा आणि मला मॅच समजावून सांगायचा. आईला वाटायचं, मुलगी भावाशी इंग्लिश बोलतेय, चांगलं आहे.

त्या वर्षी दादाच्या टीमने एक मुलगा घेतला होता, जस्टिन जेफरसन. वय एकवीस. त्याच्या बरोबर एक नंबर आधी फिलाडेल्फिया ईगल्सने दुसरा मुलगा घेतला, जेलन रीगर. तोही एकवीसचा. दोघेही वाईड रिसीव्हर. आपल्याकडे उन्नीस-बीसचा फरक म्हणतात, तसा हा एकवीस-बावीसचा फरक! पण पहिल्या वर्षाअखेर एकाच्या नावावर १,४०० यार्ड होते आणि दुसऱ्याच्या ३९६. तेव्हापासून आजपर्यंत लोक म्हणतात की एक हिरा निघाला आणि एक गारगोटी. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगण्यासाठीच हा लेख.

आधी थोडा खेळ समजून घेऊ. (ज्यांना येतो त्यांनी हा पॅरा सोडावा. कॅम्पसवर असे दोघे-तिघेच असतील.) दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे ती बाजू म्हणजे ऑफेन्स. त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड, म्हणजे साधारण ९ मीटर पुढे सरकायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना. ऑफेन्सचा मेंदू म्हणजे क्वार्टरबॅक. त्याच्यासमोर पाच आडदांड माणसं भिंत करून उभी असतात, तिला लाईन म्हणतात. एक रनिंग बॅक असतो, जो चेंडू छातीशी धरून घुसतो. आणि कडेला उभे असतात ते वाईड रिसीव्हर. यांचं काम म्हणजे पळत जायचं, आपल्याला चिकटलेल्या बचावपटूला चुकवायचं आणि क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलायचा.

ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण रिसीव्हर वाटेल तसा पळत नसतो. त्याचा रस्ता ठरलेला असतो. समजा, बारा यार्ड सरळ जायचं आणि काटकोनात बाहेर वळायचं. क्वार्टरबॅक मागे पाच पावलं टाकतो आणि चेंडू सोडतो, रिसीव्हर वळायच्या आधीच! म्हणजे चेंडू हवेत आहे आणि ज्याला तो झेलायचाय त्याची अजून पाठ आहे. अर्धं पाऊल उशीर झाला की चेंडू समोरच्यांच्या हातात. त्यात आणखी गंमत अशी की समोरचा बचाव कसा उभा आहे हे पाहून काही रस्ते पळता पळता बदलायचे असतात. रिसीव्हरला जे दिसलं तेच क्वार्टरबॅकलाही दिसायला हवं, आणि दोघांनी त्यातून एकच अर्थ काढायला हवा. बोलायला वेळ नाही, खूण करायला वेळ नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन मशिन्स एकाच क्लॉकवर चालल्या पाहिजेत, मध्ये वायर नसताना.

म्हणून नवखा रिसीव्हर ‘चांगला आहे का’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणाचा चेंडू झेलणार, कुठे उभा राहणार, बाजूला कोण असणार, हे माहीत नसेल तर त्या प्रश्नाला काही उत्तर नाही.

आता ड्राफ्टबद्दल. आयपीएलसारखा लिलाव इथे नसतो. कॉलेजमधून येणाऱ्या पोरांना टीम पाळीपाळीने निवडतात, आणि साधारणपणे आदल्या वर्षी जी टीम सगळ्यात खराब खेळली तिचा पहिला नंबर. २०२० च्या एप्रिलमध्ये हा कार्यक्रम करोनामुळे घराघरांतून झाला. लीगचे कमिशनर रॉजर गुडेल आपल्या घराच्या तळघरातून नावं पुकारत होते. रिसीव्हरमध्ये सगळ्यात आधी गेला हेन्री रग्ज, बाराव्या नंबरवर. का, तर त्याने ४० यार्डांची धाव ४.२७ सेकंदांत मारली होती. मग जेरी ज्युडी पंधराव्या आणि सीडी लॅम्ब सतराव्या नंबरवर. एकविसावा रीगर, बाविसावा जेफरसन. म्हणजे जेफरसन रिसीव्हरमध्ये पाचवा.

आता मजा बघा. ईगल्सना वेग हवा होता. त्यांचा वेगवान रिसीव्हर डीशॉन जॅक्सन तेहतिशीत पोचला होता आणि सारखा जखमी व्हायचा. त्याच ड्राफ्टमध्ये त्यांनी पुढच्या फेऱ्यांत जॉन हायटावर आणि क्वेझ वॉटकिन्स हे आणखी दोन पळणारे रिसीव्हर घेतले, शिवाय मार्किस गुडविन हा माजी ऑलिंपियन लांब उडीपटू दुसऱ्या टीमकडून आणला. म्हणजे त्यांचं ठरलेलंच होतं, पळणारे घोडे गोळा करायचे. आणि तरीही चाचणीच्या दिवशी रीगरची वेळ होती ४.४७ आणि जेफरसनची ४.४३. ज्याला वेगासाठी घेतलं, तो घड्याळावर हळू होता! (उभ्या उडीत मात्र रीगर ४२ इंच गेला आणि जेफरसन साडेसदतीस.)

मग जेफरसन मागे का पडला? त्याच्यावर एक शिक्का होता. ‘स्लॉटवाला आहे.’

हे समजून घ्यायला जागा समजून घ्याव्या लागतात. एक रिसीव्हर अगदी कडेला, ऐन रेषेवर उभा असतो. त्याच्या नाकासमोर बचावपटू उभा. पहिल्या पाच यार्डांत तो याला धक्के देऊ शकतो, नियमात बसतं. सगळ्यात कठीण जागा ही. दुसऱ्या बाजूचा रिसीव्हर रेषेपासून थोडा मागे असतो, त्याला चेंडू सुरू व्हायच्या आधी हलताही येतं. आणि स्लॉट म्हणजे आतली जागा, लाईन आणि कडेचा रिसीव्हर यांच्या मधली. तिथे दोन्हीकडे मोकळीक असते आणि धक्के कमी बसतात. जेफरसन २०१९ मध्ये एलएसयू या कॉलेजकडून बहुतेक वेळ स्लॉटमध्ये खेळला. १११ झेल, १,५४० यार्ड, १८ टचडाऊन, टीम १५-० ने राष्ट्रीय विजेती. तरी पंडित म्हणाले की हे सगळं स्लॉटमधलं आहे, बाहेर याचं काय होणार?

अहो, पण तो स्लॉटमध्ये होता कारण बाहेर जमार चेस होता! टीमने सांगितलं तिथे तो उभा राहिला. आदल्या वर्षी, २०१८ मध्ये, तोच मुलगा बाहेर खेळून ८७५ यार्ड करून बसला होता, तेही अजिबात पासिंगवाली नसलेल्या टीममध्ये. त्या मॅचेसच्या फिती सगळ्यांकडे होत्या. पण ताजी मार्कशीट हातात आली की जुनी कोण उघडतं?

इथे माझा थोडा वैयक्तिक राग आहे, तो सांगून टाकते. फर्स्ट इयरला मी एका टेक्निकल टीममध्ये गेले. मला मोटर कंट्रोल शिकायचं होतं. ‘तुझं इंग्लिश भारी आहे’ म्हणून मला स्पॉन्सरशिपच्या मेल लिहायला बसवलं. वर्षभर मेल लिहिल्या, चांगल्या लिहिल्या, पैसेही आले. सेकंड इयरला हार्डवेअरमध्ये जागा झाली तेव्हा उत्तर मिळालं, ‘तू तर स्पॉन्सरशिपवाली ना!’ काम तुम्हीच दिलंत आणि शिक्काही तुम्हीच मारलात... असो. म्हणून ‘स्लॉटवाला’ हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं.

पण व्हायकिंग्जच्या बाबतीत ही शंका नुसती वायफळही नव्हती, हे मान्य करायला हवं. त्यांचं ऑफेन्स चालवायचे गॅरी क्युबियाक. त्यांची पद्धत जुन्या वळणाची. आधी पळून जायचं, मग फेकायचं. अशा पद्धतीत टाईट एंड आणि फुलबॅक ही जाडजूड मंडळी जास्त लागतात, एकावेळी तीन रिसीव्हर मैदानात फार कमी वेळा असतात. दोनच जागा, त्यातली एक ॲडम थीलनची पक्की. आता जो फक्त स्लॉटमध्येच खेळू शकतो त्याला बहुतेक वेळ बाकावर बसावं लागणार. म्हणजे प्रश्न सरळ होता. हा पोरगा बाहेर उभा राहू शकला तरच उपयोगाचा.

त्यात ही बाविसावी निवड व्हायकिंग्जना फुकट मिळाली नव्हती. मार्चमध्ये त्यांनी स्टेफन डिग्ज हा आपला हुकमी रिसीव्हर बफेलो बिल्सना देऊन ती (आणि आणखी काही निवडी) घेतली होती. त्या मोसमात डिग्जने बफेलोत १२७ झेल आणि १,५३५ यार्ड केले, दोन्हींत लीगमध्ये पहिला! एकवीस वर्षांच्या मुलाला अशा माणसाच्या जागी उभं राहायचं होतं. आणि तयारी किती? उन्हाळ्यातली शिबिरं व्हिडिओ कॉलवर. सरावाचे सामने रद्द. प्लेबुक स्क्रीनवर शिकायचं. आपण ऑनलाईन लॅब कशी केली ते आठवा, म्हणजे अंदाज येईल.

पहिल्या दोन सामन्यांत व्हायकिंग्जने त्याला पहिल्या अकरात घेतलं नाही. ओलाबिसी जॉन्सन नावाचा, आदल्या वर्षी सातव्या फेरीत घेतलेला मुलगा सुरुवात करायचा. त्याला प्लेबुक पाठ होतं. जेफरसनचे दोन सामन्यांत मिळून पाच झेल, ७० यार्ड. टीम दोन्ही हरली, ग्रीन बे पॅकर्सकडून ४३-३४ आणि इंडियानापोलिस कोल्ट्सकडून २८-११. दादा फोनवर ओरडत होता, ‘अगं, त्याला उतरवा म्हणावं ना कोणीतरी!’ मी काय सांगणार, मी दहावीत.

२७ सप्टेंबरला टेनेसी टायटन्सविरुद्ध तो पहिल्यापासून उतरला. सात झेल, १७५ यार्ड, त्यातला एक ७१ यार्डांचा टचडाऊन. आणि तिथे त्याने केला तो नाच, ‘ग्रिडी’. आता तो सगळ्या जगाला माहीत आहे, आमच्या गॅदरिंगमध्येसुद्धा कोणीतरी केला होता. स्टेडियम जवळजवळ रिकामं होतं. फोनमधून मला फक्त दादाचा आवाज येत होता. मॅच ३१-३० अशी हरले ते वेगळं.

हे कसं जमलं, हा माझ्या मते खरा अभ्यासाचा भाग आहे. व्हायकिंग्जकडे डॅल्विन कुक नावाचा रनिंग बॅक होता. त्या वर्षी त्याचे १,५५७ यार्ड आणि धावून १६ टचडाऊन. समोरचा बचाव त्याला इतका घाबरायचा की क्वार्टरबॅक कर्क कझिन्सने चेंडू कुकला द्यायचं नुसतं नाटक केलं तरी मधले बचावपटू दोन पावलं पुढे धावायचे. त्यांच्या पाठीमागे जी रिकामी जागा व्हायची, तिथे जेफरसन तिरका धावत यायचा. कझिन्सही बऱ्याचदा नाटक करून बाजूला पळत जायचा, त्यामुळे त्याच्यावर चालून येणारी माणसं चकायची. मिनेसोटाची लाईन काही भारी नव्हती, कझिन्स त्या मोसमात ३९ वेळा पाडला गेला. पण पद्धतच अशी होती की नवख्याला एकट्याने सगळा बचाव फोडावा लागत नव्हता. अर्धा बचाव कुकने आधीच हलवून ठेवलेला असायचा, दुसरीकडे थीलनवर डोळे लागलेले (त्याचे १४ टचडाऊन झाले त्या वर्षी). जेफरसनला फक्त आपला रस्ता बिनचूक पळायचा होता, आणि रस्ता बिनचूक पळण्यात तो पहिल्या दिवसापासून उस्ताद होता. ज्या जुन्या वळणाच्या पद्धतीत हा बसणार नाही असं वाटत होतं, त्याच पद्धतीने त्याला सांभाळून घेतलं. मोसमाअखेर ८८ झेल आणि १,४०० यार्ड.

आता फिलाडेल्फिया. रीगरने पहिल्याच सामन्यात वॉशिंग्टनविरुद्ध ५५ यार्डांचा झेल घेतला, ज्यासाठी त्याला आणलं होतं तेच केलं. पण त्याच सामन्यात त्यांचा क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ आठ वेळा पाडला गेला. आणि इथे साधं गणित आहे, फिजिक्सवाल्यांना लगेच कळेल. वेग वापरायलाही वेळ लागतो. रिसीव्हरला चाळीस यार्ड लांब जायचं तर क्वार्टरबॅकला तितके सेकंद उभं राहायला मिळायला हवं. ईगल्सची लाईन त्या वर्षी जखमांनी मोडली होती. भिंत पडते दोन सेकंदांत आणि तुमचा घोडा मोकळा होतो चार सेकंदांत, तर घोडा अरबी असून काय उपयोग? वेंट्झ बारा सामन्यांत ५० वेळा पाडला गेला, त्याचे १५ चेंडू समोरच्यांनी पकडले, आणि डिसेंबरमध्ये त्याला बसवून जेलन हर्ट्स या दुसऱ्या नवख्याला आणलं. मोसमात ४ विजय, ११ पराभव, १ बरोबरी. रीगरचा स्वतःचा खांदा शिबिरातच दुखावला होता, मग अंगठा गेला, पाच सामने बाहेर. डीशॉन जॅक्सन, ज्याच्याकडून तो शिकणार होता, तो फक्त पाच सामने खेळला. आता सांगा, यात त्या पोराने कोणाबरोबर क्लॉक जुळवायचं?

मी रीगरला सोडून देत नाहीये. पुढच्या वर्षीही तो चमकला नाही, आणि दोघांमध्ये जेफरसनच सरस होता यात वाद नाही. पुढे २०२२ मध्ये त्याने १,८०९ यार्ड केले, २०२४ मध्ये चार वर्षांचा १४ कोटी डॉलर्सचा करार मिळवला, हे कोणत्याही गारगोटीला जमत नाही. माझं म्हणणं एवढंच की पहिल्या वर्षाच्या १,४०० आणि ३९६ मधला सगळा फरक दोन पोरांच्या अंगात होता, असं म्हणणं म्हणजे फुकटचा शहाणपणा आहे. त्यातला बराचसा दोन ऑफिसांत बसलेल्या मोठ्या माणसांचा होता. एका ऑफिसने ‘आपल्याकडे काय कमी आहे’ हे पाहून माणूस आणला आणि त्याला लागणारी भिंत उभी केली नाही. दुसऱ्या ऑफिसने, चुकतमाकत का होईना, दोन सामने वाया घालवून, त्याला जमणारं काम दिलं.

याचा आणखी एक दाखला २०२३ मधला. लॉस एंजेलिस रॅम्सने पुका नाकुआ नावाचा मुलगा पाचव्या फेरीत, १७७ व्या नंबरवर घेतला. त्यांचा मुख्य रिसीव्हर कूपर कप मोसमाच्या सुरुवातीला जखमी. कोच शॉन मॅक्व्हेंनी नाकुआला कपचंच तयार काम दिलं, म्हणजे आडवं धावणं, जवळचे झेल, दुसऱ्यांसाठी अंगावर घेणं. पहिल्या दोन सामन्यांत २५ झेल, वर्षाअखेर १,४८६ यार्ड, नवख्यांमधला १९६० सालापासूनचा विक्रम मोडला! आणि त्या ड्राफ्टमध्ये पहिला गेलेला रिसीव्हर, जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा, सिएटलमध्ये दोन जुन्या रिसीव्हरांच्या मागे उभा राहून ६२८ वर थांबला. पुढच्याच वर्षी त्याचे शंभर झेल झाले. माणूस तोच होता.

राहता राहिला रीगर. २०२२ च्या ऑगस्टअखेर ईगल्सने त्याला देऊन टाकला. कोणाला माहितीये? मिनेसोटा व्हायकिंग्जना! एकवीस आणि बावीस एकाच ड्रेसिंग रूममध्ये. त्या मोसमात रीगरचे झेल झाले आठ. फिलाडेल्फियाचे लोक अजून यावर विनोद करतात.

दादा म्हणतो, ‘बघ, तीच टीम, तोच कझिन्स, तरी आठच. तुझी थिअरी गेली!’ मी म्हणते, तोवर कोच बदलला होता, क्युबियाक गेले होते, आणि रीगर आला मोसम सुरू व्हायला दोन आठवडेही नसताना, चौथा-पाचवा रिसीव्हर म्हणून. हा काही प्रयोग झाला नाही. खरा प्रयोग म्हणजे २०२० मध्ये दोघांची अदलाबदल. माझ्या मते जेफरसनचे फिलाडेल्फियात आठ-नऊशे यार्ड झाले असते आणि रीगरचे मिनेसोटात सहा-सातशे. म्हणजे जेफरसन पुढेच, पण एवढा नाही. दादा म्हणतो, जेफरसन तिथेही हजार ओलांडणार. गेली दोन वर्षं हे भांडण चालू आहे. डिसेंबरमध्ये तो भारतात येतोय, येताना त्या मोसमातल्या ईगल्सच्या सगळ्या मॅचेस लॅपटॉपवर घेऊन ये म्हणून सांगितलंय. हरणाऱ्याने विंगमधल्या सगळ्यांना वडापाव द्यायचा आहे. नावनोंदणीसाठी रूमवर येऊ नये, यादी भरली आहे.